बिनपेट्रोलचा वाटा

बेहडाटोल्याचा रस्ता गोरेगावच्या मोठ्या रस्त्याला जिथं मिळतो, त्या फाट्यावर एक पेट्रोल पंप आहे. पंपाच्या खोलीबाहेर, पाण्याच्या माठाशेजारी, भिंतीला पत्र्याची एक पेटी ठोकलेली आहे. बेहडाटोल्याचा माणूस गाडीत तेल टाकतो आणि जाताना लिटरमागं एक रुपया त्या पेटीत टाकतो. पावती कोणी देत नाही आणि मागतही नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पेटी उघडायची, मुरूम-गिट्टी आणायची, आणि घरटी एक माणूस येऊन रस्त्याचे खड्डे बुजवायचे, अशी रीत.

ही रीत बकारामनं घातली. गाव ते फाटा अंतर दोन-अडीच किलोमीटरचं, पण त्यातला मधला तुकडा तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खोलात धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. कधीकाळी तिथं डांबर पडलं होतं. ते उखडल्यावर हा रस्ता नेमका कोणी दुरुस्त करायचा यावर नुसते अर्ज फिरत राहिले. तेव्हा बकाराम घरोघर गेला. म्हणाला, तलावाचं पाणी घेते तो पाळीवर माती टाकते, तसा रस्त्यानं जाते तो रस्त्यावर टाकन. कोहळी समाजाच्या गावात याहून जास्त सांगायची गरज नव्हती. तलाव त्यांच्याच वाडवडिलांनी बांधलेला. दर उन्हाळ्यात ज्याची जमीन तलावाखाली, त्याच्या घरचं माणूस पाळीवर टोपली घेऊन हजर राहायचं. ज्याच्या घरचं आलं नाही त्याचं पाणी कोणी तोडत नसे, पण त्या घरचा माणूस वर्षभर चारचौघांत खाली मान घालून बसायचा. तेवढं पुरायचं.

बकारामचा एकुलता मुलगा योगराज. गोरेगावात त्याचं कृषी केंद्र, बियाणं-खताचं दुकान चांगलं चाललेलं. राहायला तो गावातच होता, रोज जाणं-येणं करायचा. दसऱ्याला त्यानं जुनी पेट्रोलची गाडी देऊन इलेक्ट्रिक कार घेतली. गावातली ती पहिलीच. शाळेतले गुरुजी पोरांना रांगेनं घेऊन गाडी बघायला आले होते. योगराजनं त्यांना एक-एक चक्कर मारून आणली. आवाज नाही, धूर नाही, आणि घरच्या बोर्डावर चार्ज होते, हे सांगताना त्याला स्वतःलाच नव्यानं आनंद व्हायचा. गोंदियाच्या शोरूममधल्या माणसानं त्याला गाडीचे सगळे फायदे समजावून दिले होते. टॅक्स माफ आहे, हे सांगितलं. बॅटरीमुळं गाडी जुनीपेक्षा बरीच वजनदार आहे, म्हणून ती रस्त्याला चिकटून चालते, हेही सांगितलं.

जुनी गाडी होती तोवर योगराज पेटीत न चुकता पैसे टाकायचा. नवी आल्यावर पंपावर जायचं काम उरलं नाही. सुरुवातीला एकदा फाट्यावर वळताना त्याची नजर पेटीकडं गेली होती. पेट्रोलच नाही तर रुपया कशाचा, असं मनात येऊन त्याला जरा मजाच वाटली. त्यानंतर नजर जाणंही थांबलं.

एक मेच्या ग्रामसभेत दुधरामनं हा विषय काढला. दुधराम काली-पिली, म्हणजे सवाऱ्या नेणारी जीप, चालवायचा. सकाळ-संध्याकाळ गोरेगावच्या फेऱ्या, बाजाराच्या दिवशी बायांच्या टोपल्या टपावर बांधून जास्तीच्या. त्याची जीप जुनी, डिझेल पिणारी. त्यामुळं पेटीत सगळ्यांत जास्त पैसे त्याचेच पडायचे. तो उभा राहिला आणि अडखळत म्हणाला, की आता गावात बॅटरीच्या गाड्या येऊन राहिल्या. त्याईले पंपावर यायचं काम नाही, तर त्याईनं वर्षाचं काही ठरवून द्यावं. त्यानं कोणाचं नाव घेतलं नाही. तेव्हा गावात बॅटरीवरची कार एकच होती आणि दोन-तीन स्कूटर. सगळ्यांनी योगराजकडं पाहिलं.

योगराजला बोलता चांगलं यायचं. कंपन्यांच्या शेतकरी मेळाव्यात तो सूत्रसंचालन करायचा. त्यानं उठून हसत हसत सुरुवात केली. सरकारनं स्वतः या गाड्यांना टॅक्स माफ केला, तो काय वेडेपणानं केला? हवा खराब होऊ नये म्हणून केला. मग आपण गावानं त्यावर पुन्हा पट्टी बसवायची का? आणि शेवटी म्हणाला, "रस्ता फुटतो कशानं? धूर सोडत, टपावर माणसं लादून जाणाऱ्या गाड्यांनी फुटतो. माझी गाडी पिसासारखी जाते. उद्या म्हणाल, सायकलवाल्यानंही द्या."

लोक हसले. कोणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी वाजवली. दुधरामनं तोंड उघडलं, पण पिसासारखी म्हणजे काय आणि तिचं वजन किती, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो खाली बसला. योगराजला ठाऊक होतं. बोलतानाही ठाऊक होतं. शब्द जमून आला म्हणून त्यानं तो सोडला नाही, एवढंच.

बकाराम मागं भिंतीला टेकून बसला होता. सभा संपायच्या आधीच तो उठून घरी गेला. योगराजला वाटलं, म्हाताऱ्याला बसवत नसेल.

पेटीचं काय झालं ते कोणी मुद्दाम ठरवलं नाही. स्कूटरवाल्यांना योगराजचं म्हणणं पटलं होतंच. मग पेट्रोलवाल्यांतले काही म्हणाले, त्याईले माफ तर आमीच काऊन? कोणी अर्ध्यावर आलं, कोणी सुटे नाहीत म्हणू लागलं. पावसाळ्याआधी पेटी उघडली तेव्हा पाळीवरच्या तुकड्यालाही पुरेल एवढा मुरूम आला नाही. जो आला तो मोठ्या खड्ड्यांत ओतून लोक परतले. यंदा माणसंही कमीच होती. योगराजनं मजूर पाठवला होता.

पोळ्याच्या आधीच्या बाजारी दुधरामची जीप पाळीवर कलंडली. पाण्यानं भरलेल्या खड्ड्याची खोली कळली नाही, पुढचं चाक आत गेलं आणि गाडी बांध्यांच्या अंगाला झुकली. आतल्या बाया उड्या टाकून चिखलात पडल्या. भाजी विकायला निघालेल्या नंदाबाईचं मनगट मोडलं. आणखी थोडी झुकली असती तर गाडी बायांवरच गेली असती. ट्रॅक्टर लावून जीप ओढून काढली, पण तिचा पुढचा सगळा भाग मोडला होता. दुधरामनं ती अंगणात विटांवर चढवून ठेवली आणि तो गोरेगावच्या एका राइस मिलवर पोती उचलायला जाऊ लागला.

योगराज नंदाबाईला बघायला दवाखान्यात गेला, फळं घेऊन गेला. खड्डे वाढलेत, काहीतरी करायला पाहिजे, असं तो तिथं जमलेल्यांना म्हणाला. परत येताना खोलीच्या दारात त्याला दुधरामची बायको गंगा भेटली. त्यानं जीपची चौकशी केली. ती म्हणाली, उभी हाय. एवढंच म्हणून ती आत गेली.

धानकापणी सुरू झाली होती. एका बाजाराच्या दिवशी योगराज दुपारीच दुकानातून निघाला. गाडीच्या एका चाकात हवा कमी असल्याचा दिवा लागला होता. फाट्यावर आल्यावर त्यानं गाडी पंपात घातली. हवेचं मशीन पंपाच्या मागच्या बाजूला, बाभळीखाली होतं. हवा फुकट. पंपावर काम करणारी रुख्मा नळी घेऊन आली आणि चाकाशी बसली. काच अर्धी उघडी होती. योगराज मोबाईल बघत होता.

पंपावर बरीच गर्दी होती. मोटारसायकली, आणि हार्वेस्टरसाठी डिझेल न्यायला प्लास्टिकच्या डबक्या घेऊन आलेले लोक. त्या रांगेच्या कडेनं येताना त्याला आपला बाप दिसला.

बकारामच्या हातात डबकी नव्हती. पायात चिखल होता, धोतर वर खोचलेलं, खांद्यावर दुपट्टा. तो गावाहून चालत आला होता हे उघड होतं. योगराजला वाटलं, फवारणीच्या पंपाला पेट्रोल पाहिजे असेल, मला सांगायचं सोडून स्वतः कायले आला. तो हाक मारणार होता.

तेवढ्यात शेजारच्या गावचा शालीकराम मोटारसायकलवरून वळून बकारामला म्हणाला, "काय काकाजी, आज कोणती गाडी आणली?"

आजूबाजूचे हसले. हसण्यावरून कळत होतं, की हे पहिल्यांदा विचारलं जात नाही. बकारामही थोडा हसला. तो म्हणाला, पोराच्या गाडीचा वाटा हाय.

"तिले तं तेल लागत नाई म्हणते."

"तेल नाई लागत," बकाराम म्हणाला, "रस्ता तं लागते."

मग त्यानं दुपट्ट्याची गाठ सोडली, माठाजवळ गेला आणि पेटीत पैसे टाकले. पेटीची फट अरुंद आहे. नोट आत जाईना, तेव्हा त्यानं ती मांडीवर ठेवून पुन्हा सारखी घडी घातली आणि बोटानं ढकलली. रांगेतले लोक तोवर आपापल्या कामाला लागले होते.

योगराजनं काच वर केली. आपण असं का केलं हे त्याला नंतर कितीदा आठवून पाहूनही सांगता आलं नाही. दार उघडून उतरावं, बाबूजी म्हणावं, चला म्हणावं, एवढंच काम होतं. चार पावलांचं. पण उतरलं की शालीकराम बघणार, रांग बघणार, आणि ज्याच्या गाडीचा वाटा म्हाताऱ्यानं चालत येऊन भरला तो हा, हे सगळ्यांना तोंडावर कळणार. रुख्मानं काचेवर टकटक करून हवा झाली म्हणून खूण केली. त्यानं मान हलवली आणि मागच्या बाजूच्या वाटेनं गाडी बाहेर काढली. गाडीला आवाज नसल्यानं कोणी वळून पाहिलं नाही.

गावाकडं गेला असता तर वाटेत बाप चालताना भेटला असता. म्हणून त्यानं गाडी पुन्हा गोरेगावकडं वळवली. ओळखीच्या टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. म्हातारा आता पाळीवर आला असेल, आता शाळेजवळ, आता घरी, असा अंदाज बांधत तो तिथं बसून राहिला. टपरीवाला म्हणाला, आज बडी फुरसत में हो भैया. योगराजनं दुकानाची काहीतरी अडचण सांगितली. ती खोटी होती.

घरी पोचला तेव्हा बकाराम ओसरीवर पाय धुऊन बसला होता. गाडी आली तसं त्यानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा सुपातल्या वालाच्या शेंगा सोलू लागला.

योगराजनं बायकोला, पुष्पांजलीला, स्वयंपाकघरात गाठलं. बाबूजी पंपावर जातात हे तुला माहीत होतं का, असं हळू आवाजात विचारलं. तिनं चुलीवरचा भात उतरवला आणि सांगितलं, माहीत होतं. ग्रामसभेनंतर पंधरा-वीस दिवसांनी ते पहिल्यांदा गेले. तेव्हा दुधरामच्या जीपनं जात. जीप मोडल्यावर चालत जायला लागले. पैसे त्यांच्या स्वतःच्या धानाचे. ती एकदा म्हणाली होती, मी देते, तर त्यांनी घेतले नव्हते आणि योगराजला सांगू नको म्हणून बजावलं होतं.

तो चिडला. आपल्याला का नाही सांगितलं, गाव हसून राहिलं आपल्या बापाला, असं म्हणाला.

"सांगून काय केलं असतं तुमी?" पुष्पांजली म्हणाली. "अजून एक भाषण दिलं असतं."

ती रागानं बोलली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, सभेतल्या त्याच्या बोलण्याचं तिनं नेहमी कौतुकच केलं होतं. या वेळी घरी आल्यावर तिनं ते केलं नव्हतं, हे त्याच्या आता लक्षात आलं.

जेवणं झाल्यावर तो ओसरीवर बापाजवळ जाऊन बसला. बराच वेळ धानाच्या भावाचं, खरेदी केंद्रावरच्या रांगेचं बोलला. मग म्हणाला, की बाबूजी, पुढच्या बाजारापासून मी जाईन पंपावर. मागचेही टाकीन.

बकाराम म्हणाला, टाक.

एवढ्यानं झालं असं समजून योगराज उठायला लागला, तेव्हा म्हातारा म्हणाला, "बाभळीखाली गाडी तुझीच होती ना?"

योगराज पुन्हा बसला. हो म्हणाला.

"मी वळखली. मले वाटलं, तू काच खाली करशीन."

योगराज काहीतरी सांगायला गेला. फोन आला होता, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. बापाच्या तोंडाकडं बघून तो ते बोलला नाही. बकारामनं शेंगांची सालं गोळा केली, सूप झटकलं आणि गाईच्या पुढ्यात टाकायला गेला. परत आला तेव्हा म्हणाला, की तुझा वाटा भरला म्हणून काही उपकार नाही केले. घराघरात जाऊन मीच लोकांकडून हो म्हणवून घेतलं होतं. माझ्याच घरचा नाही म्हणते, तर मी कोणत्या तोंडानं पाळीवर जाऊ? मी माझ्या तोंडच्या शब्दाचं भरलं.

त्यानंतरचे कित्येक दिवस योगराजला दुकानात बसवत नव्हतं. गिऱ्हाईक हसलं तरी त्याला ते रांगेतलं हसणं वाटायचं. शालीकराम बियाण्याची उधारी चुकवायला आला, तर योगराज गोदामात जाऊन बसला आणि नोकराला पुढं केलं. काच वर करताना झालेला तो बारीक घूं असा आवाज त्याच्या कानात राहिला होता. पण सगळ्यांत वाईट वेगळंच होतं. बाप पेटीशी वाकला होता त्या क्षणी आपल्याला त्याचा राग आला होता, की हा मला असा उघडा का पाडतो. आधी राग आला होता, लाज मग आली. हे त्यानं पुष्पांजलीलाही सांगितलं नाही.

एका रविवारी तो दुधरामच्या घरी गेला. अंगणात जीप विटांवर होती, तिच्या बॉनेटवर गंगानं मिरच्या वाळत घातल्या होत्या. दुधराम खाटेवर बसून खांद्याला तेल लावत होता. पोती उचलून खांदा सुजला होता. त्यानं बस म्हटलं, गंगानं पाणी आणून ठेवलं. जीपच्या दुरुस्तीला हातभार लावायचं योगराजनं काढलं, तर दुधराम नको म्हणाला. मिलवाल्यानं उचल दिली आहे, त्यात जीपचं काम होऊन जाईल. मग योगराजनं ज्या कामासाठी आला होता ते केलं. सभेत जे बोललो ते चुकलं, असं म्हणाला.

दुधराम तेल चोळत राहिला. म्हणाला, तू मले टपावर माणसं लादतो म्हणला, ते खरंच हाय. बाजाराच्या दिवशी लादतो मी. त्याचा राग नाई.

मग थांबून म्हणाला, "मिलवर गोंदियाचा एक जण येते, त्याच्याकडं तुझ्यासारखीच गाडी हाय. त्याले मी विचारलं वजन किती. तुले माहीत होतं ना, योगराज?"

"होतं."

"मंग कायले बोलला तसा?"

योगराजनं खरं ते सांगितलं. लोक हसतील म्हणून, असं तो म्हणाला. दुधरामनं मान हलवली, जणू त्यालाही तसंच वाटलं होतं आणि फक्त खात्री करून घ्यायची होती. त्यानं माफ केलं असं म्हटलं नाही. योगराज निघाला तेव्हा मात्र गंगानं त्याला थोड्या वाळलेल्या मिरच्या कागदात बांधून दिल्या, पुष्पांजलीसाठी. त्या घेऊन तो बाहेर पडला.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो स्वतःहून उभा राहिला. या वेळी तो हसत नव्हता, आणि नेहमीसारखं छान बोलणंही त्याला जमलं नाही. बॅटरीच्या सगळ्या गाड्यांनी वर्षाचा वाटा ठरवून द्यावा, स्कूटरनं थोडा, कारनं आणि ई-रिक्षानं जास्त, असं त्यानं मांडलं. एव्हाना गावात बॅटरीवरच्या स्कूटर दुप्पट झाल्या होत्या आणि दोन रिक्षाही आल्या होत्या.

देवानंद नावाच्या तरुणाची नवी स्कूटर होती. तो उठला आणि म्हणाला, "सरकारनं टॅक्स माफ केला, तो काय वेडेपणानं केला? आपण गावानं पुन्हा पट्टी बसवायची का? उद्या म्हणाल, सायकलवाल्यानंही द्या."

शब्दाला शब्द तेच होते. लोक हसले, आणि या वेळी जास्त हसले. मागून कोणीतरी म्हणालं, योगराजची गाडी आता जड झाली वाटते. आणखी एक जण म्हणाला, निवडणूक जवळ आली ना.

योगराज उभाच होता. त्याला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं. पंपावरची रांग, पेटीशी वाकलेला बाप, वर केलेली काच, टपरीवरचे दोन चहा. सांगितलं तर हे हसणं थांबेल आणि आपल्या छातीवरचंही काहीतरी उतरेल. तो म्हणाला, "मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. धानकापणीच्या दिवसांत एकदा पंपावर माझे वडील..."

"योगराज," बकाराम मागून म्हणाला.

सगळे वळले. म्हातारा भिंतीला हात टेकून उठला होता.

"घरातलं घरात राहू दे. इथं रस्त्याचं बोल."

योगराजनं बापाकडं पाहिलं. बकारामच्या चेहऱ्यावर कठोरपणा नव्हता, पण आपलं वाकणं चारचौघांसमोर मांडून मुलानं मोकळं व्हावं, हे त्याला चालणार नव्हतं. तेवढा हक्क त्याचा होता. योगराजनं तोंडातलं वाक्य गिळलं. मग म्हणाला, की माझी गाडी पिसासारखी नाही. जुनीपेक्षा जड आहे. मे महिन्यात मी खोटं बोललो, तेव्हा मला खरं माहीत होतं. देवानंद जे म्हणतो ते माझंच बोलणं आहे आणि ते चुकीचं आहे.

कोणाचं मन वळलं असं काही नव्हतं. लोक अवघडले होते. सरपंचांनी घसा खाकरून पुढचा विषय घेतला, पाणीपट्टीचा. रस्त्याबद्दल शेवटी इतकंच ठरलं, की ज्याला द्यायचं त्यानं द्यावं. दुधराम सभेला आला होता. त्यानं टाळी वाजवली नाही आणि तो हसलाही नाही.

ज्यांनी दिलं ते थोडे होते. एक रिक्षावाला, एक स्कूटरवाली अंगणवाडी सेविका, आणि योगराज. पेट्रोलवाल्यांतले काही पुन्हा पेटीकडं वळले, काही वळले नाहीत. देवानंदनं काहीच दिलं नाही. पाळीवरून जाताना तो योगराजला पाहून हॉर्न वाजवायचा. त्यात चेष्टा होती की सवय, ते कळायचं नाही. बाजाराच्या दिवशी योगराज पंपावर जायचा, गाडी समोर उभी करायचा आणि उतरून पेटीशी जायचा. शालीकराम एकदा होता तिथं. काय भरता, हवा का, असं त्यानं विचारलं. वाटा भरतो, एवढं म्हणून योगराजनं नोटेची घडी घातली. एकदा करून ते सोपं झालं नाही. दर वेळी ते तितकंच जड जायचं.

होळीच्या आधी मुरूम आला, पाळीवरच्या सगळ्यांत वाईट तुकड्यापुरता. या वेळी योगराजनं मजूर पाठवला नाही. सकाळी फावडं घेऊन तो स्वतः गेला. दहा-बारा माणसं होती. दुधराम होता, खांद्याला फडकं बांधून. दोघं एकाच ढिगावर होते, पण कामापुरतंच बोलले: इकडं टाक, तिकडं कमी पडलं. दुपारपर्यंत योगराजच्या हाताला फोड आले. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकली थांबत, बकारामला रामराम करत आणि पुढं जात. बकाराम पाळीवरच्या मोहाच्या सावलीत बसला होता. त्याला टोपली उचलू दिली नव्हती, तरी घरी जात नव्हता.

अर्धा तुकडा झाला आणि मुरूम संपला. बाकीचा कधी येईल याचा अंदाज कोणालाच नव्हता. लोक हातपाय धुवायला तलावात उतरले. योगराज भरलेल्या भागाच्या कडेला फावड्यानं उरलंसुरलं ओढून सारखं करत राहिला, कारण पाण्यावर सगळे जमले होते आणि त्याला अजून त्यांच्यात जाऊन बसवत नव्हतं.

बकाराम काठी टेकत आला. नव्या मुरमावर उभा राहून त्यानं पाय दाबून पाहिला.

"उद्या पाणी मारा लागन याच्यावर," तो म्हणाला. "नाही तं सगळा उडून जाईन."

योगराज म्हणाला, येतो मी उद्या.

"लवकर ये. ऊन चढते."

एवढं बोलून म्हातारा गावाकडं चालू लागला. योगराजनं फावडं खांद्यावर घेतलं आणि थोडं अंतर ठेवून त्याच्या मागं निघाला.